साडभाऊंना डिफॉल्ट चालत नाही

आमच्या साडभाऊंना उद्या प्रत्यक्ष देव भेटला, तर नमस्कार करायच्या आधी ते त्याच्या सेटिंगमध्ये जातील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. "चार हात ठीक आहेत, पण आशीर्वादाचा हात सुरूपासूनच उघडा कावून ठेवला? कोनी पायावर पडलं तरच तो वर झाला पाहिजे," असं काहीतरी ते त्याला ऐकवतील, आणि देव बिचारा शंख-गदा कुठे ठेवावी या विचारात उभा राहील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नात सासरच्यांनी मला गाडी दिली नाही, सोनं दिलं नाही, साडभाऊ दिले. भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये, स्टील प्लांटकडून लीजवर घेतलेल्या क्वार्टरात ते राहतात, आणि त्या क्वार्टरातली एकही वस्तू ती बनवणाऱ्याने ठरवलेल्या जागी, वेगाने किंवा दिशेने चालत नाही. फ्रिजचं दार उलट्या बाजूने उघडतं. दारावरच्या घंटीचं बटण भिंतीवर पार खाली बसवलेलं आहे, कारण "येनारा मानूस हातात पिशव्या घेऊन येते, त्याले कोपरानं दाबता आलं पाहिजे." त्यामुळे त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाणारा माणूसही दारात एका बाजूला वाकून, कोपर पुढे काढून उभा राहतो. समोरच्या क्वार्टरातल्या मावशींची कित्येक वर्षं अशी समजूत होती की आमच्या सगळ्या खानदानाला कमरेचा काहीतरी वंशपरंपरागत आजार आहे.

प्लांटमध्ये साडभाऊ इन्स्ट्रुमेंट विभागात होते. दाब आणि तापमान दाखवणाऱ्या मीटरचे काटे जिथे उभे राहायला हवेत तिथेच उभे राहतील असं पाहायचं, हे त्यांचं काम. उभी हयात काटे सरळ करण्यात घालवलेला माणूस रिटायर होऊन घरी आल्यावर काय सरळ करणार? पहिले काही महिने त्यांनी ताईंना, म्हणजे आपल्या सौभाग्यवतींना, सरळ करून पाहिलं. ताई मूळच्या गोंदियाच्या. ते जमलं नाही, तेव्हा साडभाऊंनी कॉम्प्युटर घेतला.

कॉम्प्युटरवर करण्यासारखं जगात काय काय आहे! माणसं सिनेमे पाहतात, पत्ते खेळतात, दूरदूरच्या लोकांशी कडाकडा भांडतात. साडभाऊंनी निवडला मेलचा प्रोग्राम. त्यांना मेल येतात ते तिघांकडून: एक बँक, एक विमा कंपनी आणि एक गादीवाला, ज्याच्याकडून त्यांनी एकदा उशी घेतली होती आणि जो तेव्हापासून त्यांना विसरायला तयार नाही. पण या तिघांच्या स्वागताची तयारी अशी, की एखाद्या राजधानीत तीन राष्ट्रप्रमुख एकाच दिवशी उतरताहेत. प्रत्येक मेल स्वतःच्या वेगळ्या विंडोत उघडली पाहिजे. बँकेची विंडो डावीकडे वरती, विम्याची तिच्याखाली, गादीवाला उजव्या कोपऱ्यात, "कारन तो फालतू आहे, पन त्याचा अपमान नाही झाला पाहिजे." विंडो बंद केली तरी तिने आपली जागा आणि आपला आकार लक्षात ठेवायचा. उत्तर लिहायला घेतलं की मूळ मेल आपोआप मिटली पाहिजे. यादीशेजारी मेलचा मजकूर आपोआप दाखवणारा तो जो भाग असतो, तो त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला. "पाहुन्याच्या घरी गेलं का झाकन उघडून कढईत पाहते का कोनी? मंग?"

डिफॉल्ट या शब्दाचा त्यांना जेवढा राग आहे, तेवढा मी माझ्या कारखान्याच्या सेठजींच्या बाबतीतही कधी बाळगू शकलो नाही. कोणी "भाऊ, आमच्याकडं जसं आलं तसंच आहे," असं म्हणालं की ते त्या माणसाकडे डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसे पाहायचे. "डिफॉल्ट म्हंजे का? कुठचा तरी एक पोट्टा, परदेशात एसीत बसून ठरवते का भिलाईच्या मानसानं आपली मेल कशी वाचावी. तो आला होता का सेक्टर टूले? त्यानं विचारलं का मले?" हे भाषण मी लग्नात, बारशात आणि एकदा दुर्ग स्टेशनवर गाडी लेट असताना ऐकलं आहे. स्टेशनवर बाजूला बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाने भाषण संपल्यावर घाबरत घाबरत स्वतःचा मोबाइल साडभाऊंच्या हातात दिला. गाडी आली तेव्हा त्या गृहस्थाला आपल्या मोबाइलवर बायकोचा नंबर सापडत नव्हता, आणि तो कमालीचा प्रसन्न दिसत होता.

आता माझं सांगतो. मी दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच पाहतो. लोखंडी अँगल आणि चॅनेल ट्रकवर चढवून देणं आणि ते अजून का पोचले नाहीत याची कारणं शोधणं, असं दुहेरी काम. कारखान्यात मोबाइल गेटवर ठेवून घेतात, त्यामुळे घरचे हुकूम मला मेलवर येतात. साडभाऊंनी माझा लॅपटॉप एका रविवारी पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जवाईबापू, तू असा राहून राहिला? असा?" मी शरमलो. थोरल्या साडूला "नको" म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि खरं म्हणजे चहाबरोबर चकल्याही आल्या होत्या. त्यांनी बसवलेल्या असंख्य सुधारणांपैकी एक अशी होती की एक मेल बंद केली की त्याच जागी, त्याच आकारात, पुढची मेल आपोआप उघडायची. "टाइम वाचते," ते म्हणाले. सोमवारी सकाळी बायकोची मेल आली: येताना मेथी आणा, आणि काल आईसमोर जे बोललात त्याचं काय. मी ती वाचली, बंद केली, उत्तर लिहिलं आणि पाठवलं: "मेथी आणतो. आता भांडू नकोस, रात्री पाय दाबून देईन." मधल्या क्षणात त्याच जागी येऊन उभी राहिलेली मेल सेठजींची होती. सेठजींना मराठी येत नाही. पण मेथी, भांडण आणि पाय दाबणे या गोष्टी कळायला मराठी लागत नाही. उत्तर आलं: "मेथी रहने दो, पालक भेजना. पैर के बारे में केबिन में आकर बात करो." मी केबिनमध्ये गेलो. त्यानंतर आठवडाभर संपूर्ण डिस्पॅच विभाग मला पाहिलं की खुर्चीत बसून पाय पुढे करत होता. साडभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "सेटिंग बराबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "मानूस डिफॉल्ट आहे."

मेल पाठवण्याबाबत त्यांचा दंडक याहून कडक. कुठलीही मेल लिहिली की लगेच जाता कामा नये. तिने आउटबॉक्समध्ये पडून राहायचं. "गरम माल कोनी ट्रकवर चढवते का? थंडा होऊ दे." माल थंड झाला की साडभाऊ स्वतः येऊन तो पाठवणार, आणि पाठवताना प्रोग्रामने विचारायचं, खरंच पाठवायची का? गादीवाल्याला "कृपया मेल पाठवू नये" अशी जी मेल त्यांनी लिहिली, तीसुद्धा रात्रभर थंड होत होती. सकाळी त्यांना दया आली आणि त्यांनी दुसरी उशी मागवली.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे टॅग. प्लांटमध्ये एक रीत आहे. मशीन बंद करून कोणी आत दुरुस्तीला गेला, की बाहेर स्विचवर तो आपल्या नावाचा लाल टॅग लावून जातो. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. मोठ्यातला मोठा साहेब आला तरी त्याने त्याला बोट लावायचं नाही, कारण टॅग आहे याचा अर्थ आत माणूस आहे. प्लांटच्या कॉलनीत वाढलेल्या पोरांना अ-आ-इच्या आधी हे कळतं. साडभाऊंनी हा नियम घरी आणला. कॉम्प्युटरच्या माउसला दोऱ्याने लाल टॅग बांधलेला दिसला की समजावं, सेटिंग चालू आहे. मग घरात आग लागली तरी त्या कॉम्प्युटरवरून अग्निशमन दलाचा नंबर शोधता येणार नाही. ताईंनी एकदा वैतागून स्वयंपाकघराच्या कडीला टॅग लावला आणि त्या चरोद्याला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला निघून गेल्या. साडभाऊंसाठी झाकून ठेवलेली भाजी-पोळी आतच होती. ते दारापर्यंत गेले, टॅग वाचला, परत आले आणि ताई येईपर्यंत बिस्किटं खात बसले. ताई म्हणाल्या, "अहो, उघडाचं होतं ना!" साडभाऊ दुखावून म्हणाले, "टॅग तुहा होता."

त्यांना एकुलती एक मुलगी, गुड्डी. इथेच इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली. येते की नाही, ते शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत मेलवर कळवायचं होतं. न कळवल्यास जागा दुसऱ्याला. साडभाऊंनी जाहीर केलं की ही आपल्या घरातून जाणारी पहिली खरीखुरी ऑफिसची मेल, तेव्हा ती आपल्या कॉम्प्युटरवरूनच, व्यवस्थित जाईल. गुड्डीने गुरुवारी 'येते' असं लिहिलं. साडभाऊंनी ते वाचलं, एक स्वल्पविराम हलवला, मेल आउटबॉक्समध्ये थंड करायला ठेवली आणि माउसला टॅग बांधला.

शनिवारी दुपारी मला ताईंचा फोन आला. शनिवारी कारखाना अर्धा दिवस, त्यामुळे मोबाइल नेमका हातात होता. "तुम्ही या बापा लवकर. मेल तशीच पडून आहे. हे बाहेर गेले, फोन घरीच ठेवून. पोरगी काही बोलत नाही." मला स्वतःबद्दल एक गैरसमज आहे, की कॉम्प्युटरमधलं मला थोडंफार कळतं. स्कूटर काढून मी सेक्टर दोन गाठलं, कोपराने घंटी वाजवली आणि कोणी काही सांगायच्या आत टेबलाशी बसलो. माउसला टॅग होता. मी काही इतका अडाणी नाही. टॅगला मी हात लावला नाही. मी की-बोर्ड वापरला. नियमाच्या बाजूने जाऊन नियम मोडण्यात माझा हात कारखान्यात कोणी धरू शकत नाही. दोन-तीन बटणं दाबली, आणि बँक डावीकडे वरती उघडली. तिच्याखाली विमा उघडला. मी ते बंद करायला गेलो तर त्यांच्या जागी आणखी बँक आणि आणखी विमा आले, उजव्या कोपऱ्यात गादीवाला सणाची सवलत घेऊन प्रकट झाला, आणि पडद्याच्या मधोमध प्रश्न उमटला: खरंच सगळं पुसायचं का?

"हात काढा!" ताई ओरडल्या. "तुमाले कोनं सांगितलं होतं बोटं घालाले? पोरीची नोकरी पुसता का?"

मी दोन्ही हात वर केले. चोराने करावेत तसे.

"मौसाजी, रहने दो ना," मागून गुड्डी म्हणाली. ती पलंगावर पाय दुमडून बसली होती, मोबाइल मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"अगं, मग मोबाइलवरून पाठव! एक मिनिटाचं काम."

"वो तो मैं गुरुवार को ही भेज देती."

"मंग कावून नाही पाठवली?" ताईंनी विचारलं.

"टॅग लगा है, मम्मी." ती जे सगळ्यांना ठाऊक आहे तेच सांगावं तसं म्हणाली. "पप्पा अंदर हैं अभी. मले जायचंच आहे. पर ऐसे नहीं, उनके ऊपर से मशीन चालू करके."

"आणि ते आलेच नाहीत बाहेर तर?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. पण नजर घड्याळावरून हलली नाही. त्या क्षणी माझ्यासारख्या माणसालाही कळलं की बिघाड कॉम्प्युटरमध्ये नाही. मी उठलो.

साडभाऊ सापडले बाजारातल्या चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याला त्यांनी आपलं स्टूल दुसऱ्या बाजूला ठेवायला लावलं होतं आणि आता त्याच्या साखरेच्या डब्याच्या झाकणाकडे ते टक लावून पाहत होते. पण हात गुडघ्यावरच होते. हे मला चांगलं लक्षण वाटलं नाही.

"का जवाईबापू, रसमडा बंद पडला का?"

"रसमडा चालू आहे भाऊ. तुमचा आउटबॉक्स बंद आहे, म्हणून आलो."

"बंद नाही. मेल थंडी होऊन राहिली."

"गुरुवारपासून? तेवढ्यात तर अख्खी फर्नेस थंडी होते."

एरवी प्लांटच्या बाबतीत मी असं काही ठोकून दिलं की ते मला फर्नेस किती दिवसांत थंड होते याचा सविस्तर पाठ देतात. आज त्यांनी फर्नेस तशीच सोडून दिली. टपरीवाल्याने मलाही चहा दिला. मग ते म्हणाले, "तिले पंखा दोनवर लागते. एकवर झोप येत नाही, तीनवर सर्दी होते. चहात साखर कमी, पन दुधात जास्त. दाराची कडी लागली का नाही, ते उठून एकदा पाहते. कोनी 'लागली' म्हनलं तरच झोपते." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "हे सारं तिच्याजवळ नाही रे. माह्याजवळ आहे. तिथं कोन करून देईन?"

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी म्हणालो, "मग पुण्याच्या कंपनीला कळवून ठेवा ना, पंखा दोनवर ठेवा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ग्लासात तोंड खुपसलं. मग, आपण केलेली घाण आपणच सारवावी म्हणून, मी पुढे आणखी घाण केली. "तुम्ही तुमसरहून इथं नोकरीला आलात, तेव्हा तुमच्या बाबांनी काय पंख्याचा विचार केला होता?"

"पंखाच नव्हता घरी."

"मग?"

"मंग काही नाही. बाबा स्टेशनवर आलाच नाही. सकाळपासून वावरात जाऊन बसला. माय म्हने, बैल अडला असंल." ते थोडं हसले. "बैल घरीच बांधून होता. मी पाहिला ना निघताना."

टपरीवाला स्टोव्हला पंप मारू लागला. साडभाऊ तो मारून होईपर्यंत पाहत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "चाल. चहाचं तू पाहून घे."

घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढली, हात धुतले आणि पडद्याकडे पाहिलं. तिथे माझ्या कर्तृत्वाची साक्ष म्हणून बँका, विमे आणि गाद्या एकमेकांवर पडलेल्या होत्या. "कोन शिवलं होतं?" ताईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. साडभाऊंनी नुसती मान हलवली, जशी लहान मूल अंथरूण ओलं करतं तेव्हा हलवतात, आणि एकेक विंडो बंद करत गेले. सगळ्यात खाली गुड्डीची मेल होती. त्यांनी टॅगची गाठ सोडली. टॅग खिशात ठेवला. मेल पुन्हा एकदा वाचली आणि गुरुवारी हलवलेला स्वल्पविराम जिथल्या तिथे परत ठेवला.

"गुड्डी, तू दाब."

"नहीं पप्पा. टॅग आपका था."

त्यांनी बटण दाबलं, आणि प्रोग्रामने विचारलं: खरंच पाठवायची का? तो प्रश्न जगात दुसऱ्या कोणालाच विचारला जात नव्हता. तो त्यांनी स्वतः, मोठ्या हौसेने, स्वतःच्या मशीनमध्ये बसवून घेतला होता. मी एरवी अशा वेळी खोकतो, पण ताईंनी माझ्या पायावर पाय ठेवला होता. साडभाऊंनी 'होय' दाबलं आणि पाठमोरेच म्हणाले, "गेली. आता चहा ठेवा, तो टपरीवाला नुसतं पानी पाजते."

गुड्डी गेली. साडभाऊ स्टेशनवर आले होते. डब्यात चढून त्यांनी तिच्या बर्थवरचा दिवा तिरपा करून दिला आणि गाडी हलू लागल्यावर उतरले, त्यामुळे आम्हा सगळ्यांचा निरोप त्यांना ओढून खाली घेण्यातच गेला. पुण्याहून ती रोज फोन करते. एकदा तिने सांगितलं की ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच बदलू देत नाहीत. मेल जशी येईल तशीच वापरायची, सेटिंगला कुलूप. ताई म्हणाल्या, ते ऐकून त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी मनातल्या मनात निदान महिनाभर पुरतील एवढे टोमणे तयार केले आणि रविवारी सेक्टर दोनला गेलो.

साडभाऊ कॉम्प्युटरसमोर बसले होते. पडद्यावर मेलचा प्रोग्राम उघडा होता, पण मला तो ओळखूच येईना. डावीकडे विंडो नाही, खाली विंडो नाही, गादीवाला सगळ्यांच्या रांगेत मुकाट उभा. सगळं काढून त्यांनी तो नव्याने टाकला होता, अगदी तो परदेशातला पोट्टा पाठवतो तसा. बारक्या अक्षरांशी झटत, नाक काचेला टेकेल इतकं पुढे झुकून ते वाचत होते.

"हे काय भाऊ?" मी म्हणालो. टोमणा म्हणून सुरू केलं होतं, पण ते तसं बाहेर आलं नाही.

"तिले असंच दिसते," ते म्हणाले.

मी स्टूल ओढून शेजारी बसलो. मला राहवेना. "अक्षर तरी मोठं करून देऊ का?"

"नको," साडभाऊ म्हणाले. "तिचं एवढंच आहे."